दुखण्याभोवती आवळलेलं शरीर

कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी हा वर्ग भरतो. भिंतीला दोर टांगलेले आहेत, कोपऱ्यात लोडांची चळत, शेजारी लाकडी विटा, पट्टे, घडी घातलेल्या सतरंज्या. बायका चपला काढून आत येतात आणि शिक्षिकेला सगळ्यात आधी पाळीचं सांगतात. "ताई, आज दुसरा दिवस." "परवा तारीख आहे, कंबर आत्ताच धरलीय." "गोळ्या चालू आहेत, पाळी बंदच आहे, पण दुखायचं ते दुखतंच." ताई ऐकून घेतात आणि कोणी कुठे, कशावर टेकायचं ते ठरवतात.

दुसरा दिवस असलेली बँकेतली अधिकारी सुप्त बद्धकोणासनात आहे. पाठीखाली उभा लोड, डोक्याखाली चादरीची घडी, तळपाय एकमेकांना जुळवलेले, कमरेमागून घोट्यांपर्यंत पट्टा बांधलेला, दोन्ही मांड्यांखाली विटा आणि विटांवर सतरंजीच्या घड्या. मांड्या अधांतरी राहिल्या तर जांघेतले स्नायू त्यांना धरून ठेवायला धडपडतात. खालून आधार मिळाला की ते सोडून देतात. ताई डाव्या मांडीखालची घडी जाड करतात. "आता?" "अजून ओढ आहे." आणखी एक घडी. तिच्या डाव्या बीजकोशात चॉकलेट सिस्ट आहे आणि आतड्याचा थोडा भाग तिथेच चिकटलेला आहे, असं तिच्या अहवालात लिहिलंय. ताईंनी तो अहवाल वाचला आहे. वाचल्याशिवाय त्या कोणाला वर्गात घेत नाहीत.

इथे येणाऱ्या सगळ्या जणींना एंडोमेट्रिऑसिस आहे. संपादकांनी यंदाच्या विशेष विभागाचा विषय 'सोसणं' असा कळवला तेव्हा मला आधी हाच आजार आठवला, कारण बाईने सोसावं अशी अपेक्षा ज्या दुखण्याबाबत इतकी सहज केली जाते, असं दुसरं दुखणं मला माहीत नाही. योगाने या बायकांना खरोखर काय मिळतं आणि काय मिळू शकत नाही, हे बघायला मी पुण्यातल्या आणि मुंबईतल्या अशा वर्गांत जाऊन बसले, डॉक्टरांशी आणि फिजिओथेरपिस्टशी बोलले. ज्यांनी आपलं सांगितलं त्यांची नावं इथे देत नाही. त्यातल्या अनेकींनी घरीसुद्धा एवढं सांगितलेलं नाही.

वर्षं कुठे जातात

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, हा झाला आजार. बीजकोशावर, गर्भाशयामागच्या पोकळीत, आतड्यावर, मूत्राशयावर. महिन्याच्या हार्मोन्सच्या चढउताराला त्या प्रतिसाद देतात, आजूबाजूला सूज आणतात, रक्त साकळतं, व्रण होतात आणि एकमेकांपासून मोकळे हलायला हवेत ते अवयव चिकटून बसतात. बीजकोशात साठलेलं जुनं रक्त घट्ट, गडद तपकिरी होतं, म्हणून ती चॉकलेट सिस्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पुनरुत्पादनाच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला, म्हणजे जवळजवळ 19 कोटी बायका-मुलींना हा आजार आहे.

पेशी बाहेर जातात कशा, यावर 1920 च्या दशकात जॉन सॅम्पसन या अमेरिकी डॉक्टरने मांडलेली कल्पना आजही सर्वांत जास्त सांगितली जाते: पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं. पण असं उलटं वाहणं बहुतेक बायकांच्या बाबतीत होतं आणि आजार मात्र थोड्यांनाच होतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता, हार्मोन्स अशी बरीच कारणं त्याला जोडावी लागतात. मुंबईत परळला आयसीएमआरची पुनरुत्पादन आणि बाल आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. भारतीय स्त्रियांमधल्या या आजाराचा आणि त्यामागच्या जनुकांचा अभ्यास तिथून देशातली अनेक केंद्रं जोडून चालतो.

पहिल्या तक्रारीपासून निदानापर्यंत जगभरात सरासरी चार ते बारा वर्षं जातात. ती कशी जातात हे मला प्रत्येकीने जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. शाळेत असताना आई म्हणाली, "सगळ्यांचंच दुखतं." कॉलेजात डॉक्टर म्हणाले, "गोळी घे, लग्न झालं की कमी होईल." लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, "एक मूल होऊ दे, सगळं सुटेल." मग मूल राहीना, आणि त्यासाठी केलेल्या तपासण्यांत चॉकलेट सिस्ट सापडली. शौचाला होताना कळा येणं, शरीरसंबंधाच्या वेळी आत खोल दुखणं, या तक्रारी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि विचारतं कोण?

साधी सोनोग्राफी करून 'सगळं नॉर्मल' म्हणून परत पाठवलेल्याही पुष्कळ भेटल्या. बीजकोशातली गाठ सोनोग्राफीत दिसते. पोटाच्या आतल्या पडद्यावर विखुरलेले बारीक ठिपके दिसत नाहीत. आधी दुर्बिणीतून बघितल्याशिवाय निदान पक्कं मानलं जात नसे. आता लक्षणं आणि तज्ज्ञ नजरेने केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून उपचार सुरू करायला हरकत नाही, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हा बदल गावोगावच्या दवाखान्यांपर्यंत लवकर पोचायला हवा.

आजाराचा पसारा आणि दुखण्याची तीव्रता यांचा मेळ बसत नाही, हे आणखी एक. पोटभर पसरलेला आजार असून फारसं न दुखणाऱ्या बायका आहेत. चार ठिपके असून जमिनीवर लोळणाऱ्याही आहेत. आत गाठ किती मोठी आहे एवढ्यावर दुखणं ठरत नाही, आणि योगाला काम करायला जागा मिळते ती इथेच.

राखण करणारे स्नायू

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारी मुंबईतली एक फिजिओथेरपिस्ट मला तिच्या टेबलावरचा प्लास्टिकचा कटिभाग हातात देऊन समजावते. जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी आहे. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर पेललेले. दर महिन्याला आत कळा यायला लागल्या की ही झोळी आवळते. पोट आवळतं, मांड्या जवळ येतात, श्वास छातीतच अडकतो. एकदोन दिवसांसाठी हे ठीक. शरीर दुखऱ्या जागेची राखण करतंय. पण वर्षानुवर्षं असं झालं की पाळी संपल्यावरही स्नायू सुटत नाहीत. आवळलेला स्नायू स्वतःच दुखायला लागतो. मग बसताना दुखतं, लघवी करताना दुखतं, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, आणि त्या भीतीने तो आणखी आवळतो.

याच्या जोडीला मज्जासंस्थेत बदल होतात. वेदनेचे संदेश सतत पोचत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू त्या बाबतीत अधिकाधिक हळवे होतात. थोडासा दाब, भरलेलं आतडं, एवढ्यानेही आधीच्या कळांइतकं दुखायला लागतं. ऑपरेशनने गाठ काढली तरी काही जणींचं दुखणं मागे उरतं त्याचं हे एक कारण. दुखणं मनाचं आहे असा याचा अर्थ अजिबात होत नाही. ते मज्जातंतूंत आहे, स्नायूंत आहे, अगदी खरं आहे.

लांब, सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती उतरते. श्वास घेताना श्वासपटल खाली जातं तेव्हा ओटीपोटाचा तळही त्याच्याबरोबर किंचित खाली सैलावतो. हे रोज, आधार घेऊन, घाई न करता केलं तर त्या झोळीला सुटणं म्हणजे काय ते पुन्हा कळू लागतं. फिजिओथेरपिस्ट बोटांनी जे काम करते तेच घरी चालू ठेवायचं साधन म्हणून ती तिच्याकडच्या बायकांना योगवर्गाला पाठवते. एका अटीवर: मूलबंध आणि अश्विनी मुद्रा करायच्या नाहीत. "बायकांच्या कुठल्याही तक्रारीवर आकुंचनाचे व्यायाम सांगायची पद्धत पडलीय. जिचा तळ आधीच आवळलेला आहे तिला आणखी आवळायला शिकवलं तर तिचं दुखणं वाढणारच." कोथरूडच्या ताईंनाही हे ठाऊक आहे. समाजमाध्यमांवर पाळीच्या दुखण्यासाठी योग शिकवणाऱ्या कितीतरी जणांना ते ठाऊक नाही, हे त्यांचे व्हिडिओ बघितल्यावर कळतं.

मॉडेल कॉलनी आणि लोणावळा

लोड, विटा, पट्टे आणि दोर हे सगळं पुण्याचं देणं आहे. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि इथलेच झाले. शिवाजीनगरच्या मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था 1975 मध्ये सुरू झाली, पत्नी रमामणी यांच्या नावाने. आजारी, दुखऱ्या, ताठरलेल्या माणसालाही आसनात पोचता यावं, तिथे टिकता यावं म्हणून त्यांनी साधनं घडवली. स्त्रियांसाठीचा अभ्यास पुढे नेला त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी. पाळीच्या दिवसांत कोणती आसनं, पाळी संपल्यावर कोणत्या क्रमाने, गरोदरपणी काय, पाळी जाताना काय, हे त्यांनी इतकं बारकाईने मांडलं की आज जगभरातले अय्यंगार परंपरेचे शिक्षक तोच क्रम शिकवतात. पाळीत आधार घेतलेली पुढे वाकण्याची आसनं, सुप्त बद्धकोणासन, उपविष्ट कोणासन. शीर्षासन, सर्वांगासन वर्ज्य. कपाळावर क्रेप बँडेज गुंडाळून डोळे झाकायचे, म्हणजे भुवयांमधला ताण उतरतो.

लहानपणी मूत्रपिंडाच्या गंभीर दुखण्यातून आपण औषधं सोडून योगाने बाहेर आलो, असं गीताबाई सांगत. ही गोष्ट शिष्य मोठ्या भक्तीने सांगतात. मला गीताबाईंच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे आणि म्हणूनच वाटतं, की या आजाराच्या वर्गात ती गोष्ट सांगू नये. समोर बसलेल्या बाईने घरी जाऊन गोळ्या बंद केल्या तर काय होईल, याची जबाबदारी गोष्टीवर टाकता येत नाही.

शीर्षासनाचा प्रश्नही इथेच येतो. पाळीत उलटं झालं तर रक्त उलटं वाहून एंडोमेट्रिऑसिस होईल, असं बरेच शिक्षक सांगतात. सॅम्पसनच्या कल्पनेला जोडून ते पटतंही. पण रक्त थोडंफार उलटं वाहतंच, उभ्या बाईच्याही पोटात. आणि आसनांमुळे हा आजार झाल्याचा पुरावा नाही. पूर्वी केलेल्या शीर्षासनाला दोष देत रडणारी एक बाई मला भेटली. तिला हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. कळा येत असताना उलटं व्हायचं नाही, कारण त्या वेळी शरीराला विसावा हवा असतो, एवढं कारण पुरेसं आहे.

महाराष्ट्रातच योगाची आणखी एक परंपरा आहे, मोजून बघणारी. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि उड्डियान, नौली करताना पोटात काय होतं ते एक्स-रे घेऊन, दाब मोजून पाहिलं. 'योगमीमांसा' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापले. शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात जी जिज्ञासा होती, ती आज आपल्या बायकांच्या या दुखण्याच्या वाट्याला पुरेशी आलेली नाही, याची खंत वाटते.

आठ आठवडे, ब्राझीलमध्ये

ती जिज्ञासा ब्राझीलने दाखवली. साओ पाउलो प्रांतातल्या कंपिनास इथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात एंडोमेट्रिऑसिसने दुखणं असलेल्या 40 बायका निवडल्या. 28 जणींना आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास हठयोग शिकवला आणि 12 जणींना नाही. 2017 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार योग करणाऱ्यांचं रोजचं दुखणं दुसऱ्या गटापेक्षा लक्षणीय कमी झालं, जगण्याची गुणवत्ता सुधारली. पाळीच्या नोंदींत मात्र दोन गटांत फरक पडला नाही. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. पाळी बदलली नाही, तिच्या आजूबाजूचे दिवस बदलले.

त्याच संशोधकांनी योग शिकलेल्या 15 जणींशी सविस्तर बोलूनही घेतलं होतं. कळ आली की श्वासाकडे जायचं, हे आपल्याला जमू लागलं, गोळ्या कमी लागू लागल्या, आपल्या शरीराची आपल्याला ओळख झाली, असं त्या म्हणाल्या. कोथरूडमध्ये मी हेच मराठीत ऐकलं. "पूर्वी कळ आली की मी तिच्यात बुडायचे. आता कळ येते, पण माझ्याकडे करण्यासारखं काहीतरी असतं."

40 बायका म्हणजे फार नाहीत. ज्याला योग शिकवला त्याला योग शिकतोय हे कळतंच, त्यामुळे औषधासारखी खोटी गोळी देऊन तुलना करता येत नाही. युरोपच्या त्या 2022 च्या सूचनाही म्हणूनच जपून बोलतात: बिनऔषधी उपायांबद्दल डॉक्टरांनी रुग्णाशी बोलावं, पण अमुक एक उपाय कराच अशी शिफारस करण्याइतका पुरावा नाही. मला ही भाषा प्रामाणिक वाटते.

गादी, गोधडी आणि बंद दार

वर्गात सगळं हाताशी असतं. खरी अडचण घरी. बँकेतल्या बाईकडे लोड नाही. तिने जुनी गोधडी घट्ट गुंडाळून ओढणीने बांधली आहे. विटांच्या जागी मुलांची जाडजूड पुस्तकं. नालासोपाऱ्याला राहणारी, चर्चगेटला नोकरी करणारी एक मुलगी म्हणते, "लोकलमध्ये कळ आली तर आसन कुठे करणार? दांड्याला धरून उभी राहते आणि श्वास लांब सोडते. तेवढं कोणाला दिसत नाही." दोन खोल्यांच्या घरात दार लावून अर्धा तास पडून राहायचं तर "बरं नाही का?" असं चारदा विचारलं जातं. एकीने सासूबाईंनाच सोबत बसवलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात; त्याही भिंतीला पाय टेकून पडतात. दार आता त्याच लावतात.

औषधांप्रमाणे ताई क्रम बदलतात. पाळी थांबवण्याची इंजेक्शनं घेणाऱ्या बाईला अंगातून वाफा येतात, हाडं विरळ होण्याची भीती असते. तिला भिंतीच्या आधाराने उभ्याने करायची आसनं जास्त. ऑपरेशन नुकतंच झालेलीला सर्जनने होकार देईपर्यंत फक्त श्वास. कपालभाती, भस्त्रिका, पोटाला जोराचे हिसके देणारं काहीही या वर्गात नाही. सरकारी रुग्णालयात उपचार घेणाऱ्या दोघींकडून त्या फी घेत नाहीत. पण असे वर्ग शहरांत, तेही ठरावीक भागांत. जालन्याच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला यातलं काय मिळेल, या प्रश्नावर त्या गप्प होतात. मग म्हणतात, शाळेतल्या बाईंना हा आजार माहीत व्हावा. योग नंतर बघू.

"योगा कर की जरा"

या लेखाच्या निमित्ताने भेटलेल्या डॉक्टरांमधल्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ योगाचं नाव काढताच सावध झाल्या. त्यांच्याकडे एक बाई आली होती, दोन वर्षं प्राणायाम आणि काढ्यांवर काढून. दुखणं कमी झालं होतं. पण आजाराने मूत्रवाहिनीभोवती पसरून एक मूत्रपिंड निकामी केलं होतं. मूत्रवाहिनी हळूहळू दाबली जाते तेव्हा दुखेलच असं नाही. "दुखणं कमी झालं म्हणजे आजार कमी झाला असं नाही. तिला दोन्ही हवं होतं. मी योगाच्या विरोधात नाही. सोनोग्राफी चुकवायला योग वापरण्याच्या विरोधात आहे."

योगाने गाठ विरघळत नाही. चिकटलेली आतडी सुटत नाहीत. मूल राहण्याची खात्री मिळत नाही. असं सांगणारा शिक्षक कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडून उठून यावं. अचानक असह्य कळ, चक्कर, उलट्या, ताप असेल तर सतरंजी न उलगडता दवाखाना गाठावा. गाठ फुटलेली किंवा बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो.

मला जास्त राग आला तो दुसऱ्या एका वापराचा. ऑफिसात रजा मागितली की साहेब म्हणतात, "योगा कर की जरा." घरी नवरा तेच म्हणतो. सल्ला चांगला आहे, पण त्याच्या तळाशी जुनाच अविश्वास आहे: तू काहीतरी करत नाहीस म्हणून तुझं दुखतं. ज्या बायकांना योगाचा सर्वांत जास्त उपयोग झालेला मी पाहिला, त्यांना आधी कोणीतरी सांगितलं होतं की तुझं दुखणं खरं आहे, त्याला नाव आहे, त्यावर उपचार आहेत. हे ऐकल्यावर त्या आपल्या शरीराशी भांडण थांबवून त्याच्याजवळ बसू शकल्या. हे न ऐकता सतरंजीवर आलेल्या बायका तिथेही परीक्षेला बसल्यासारख्या होत्या. आसन करूनही दुखलं की अपराधी वाटायच्या.

आधी कागद

वर्ग सुटायच्या सुमारास एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी बारावीत. आईने कोणाकडून तरी ऐकलं होतं. "हिला पाळीत फार त्रास होतो, शाळा बुडते. योगाने बरं होईल ना?"

ताईंनी मुलीला विचारलं, "कधीपासून दुखतं?"

"आठवीपासून," आई म्हणाली.

"तिला सांगू दे."

मुलगी आधी आईकडे बघत बोलली, मग ताईंकडे बघत. पाळीच्या आधी दोन दिवस सुरू होतं. उलट्या होतात. संडासला बसलं की सुरी फिरवल्यासारखं होतं. हे शेवटचं आईला माहीत नव्हतं. "मला कधी बोलली नाहीस!" आई म्हणाली. "तू म्हणायचीस सगळ्यांचंच दुखतं," मुलगी म्हणाली, भांडणाच्या सुरात नव्हे, माहिती द्यावी तशी.

ताईंनी लेटरहेडवर एका स्त्रीरोगतज्ज्ञांचं नाव लिहिलं, खाली मुलीने सांगितलेल्या चार गोष्टी तिच्याच शब्दांत लिहिल्या, संडासची सुद्धा, आणि कागद आईच्या हातात न देता मुलीच्या हातात दिला. "आत गेल्यावर बोलायला जमलं नाही तर हा कागद पुढे कर. तपासणी झाली की ये. तोवर रात्री झोपताना पायांखाली उशी घे आणि श्वास सोडताना पोट सोड. आत घ्यायच्या श्वासाकडे बघूच नकोस, फक्त सोडायच्याकडे." आईने फी विचारली. ताई म्हणाल्या, हिचा वर्ग अजून सुरू झालेला नाही, आणि सोमवारी सकाळी फोन करून अपॉइंटमेंट मिळाली का ते कळवा.